परत आलेलं पाकीट

गिझेला: पण परत केलं म्हणजे नेमकं कसं? तोंडानं काही बोलला, की नुसतंच हातात दिलं?

आरांका: बोलला ना. एक्स-रेच्या दारापाशी गाठलं मी डॉक्टरला. आजूबाजूला कोणी नाही बघून पैशांचं पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात सरकवलं. तर त्यानं ते दोन बोटांनी बाहेर काढलं, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं, आणि माझ्या गाऊनच्या खिशात टाकलं. म्हणाला, "मावशी, हे तुमच्यापाशीच असू दे."

गिझेला: बरं, मग?

आरांका: मग काय. मग कळलं मला. मी काही यातून वाचत नाही.

गिझेला: हे त्यातून कसं निघालं?

आरांका: मरणाऱ्या बाईचे पैसे कोण घेतं? डॉक्टर झाला म्हणून काय, तोही आईच्याच पोटी जन्मलाय. एक्स-रे बघितला असेल, आत काहीतरी दिसलं असेल, आणि मनात म्हणाला असेल, या म्हातारीला आता कशाला लुबाडायचं. ते माझे मोजे दे बघू, उशीखाली आहेत.

गिझेला: मोजे राहू देत. साडेअकराला ऑपरेशन आहे तुझं. खुब्याचा सांधा बदलायचाय, डोकं नाही. आणि तू पिशवी भरतेस?

आरांका: ऑपरेशन होणार नाही. मी सही केलेली नाही. पुतण्याला फोन केलाय. बटाट्याची खेप टाकून तसाच टेम्पो घेऊन येतो म्हणालाय.

गिझेला: दोन वर्षं नंबर लावून बसलीस या खाटेसाठी. काल संडासापर्यंत जाताना तीनदा देवाचं नाव घेतलंस आणि एकदा शिवी दिलीस.

आरांका: शिवी देवाला नव्हती. त्या जाड्या सिस्टरला होती. तिच्या फ्रिजमध्ये बदकाची कलेजी ठेवायला दिली होती डॉक्टरसाठी, स्वतः भरवून वाढवलेलं बदक, तर तिनं त्यावर चिठ्ठी चिकटवली. "बाक्शाबाईंची वैयक्तिक वस्तू."

गिझेला: चिठ्ठी चिकटवली म्हणून तू वाचलीस. आता नीट ऐक. बुडापेस्टला कायदा झालाय. डॉक्टरांचे पगार चांगले दुपटीच्या वर नेले आणि सांगितलं, आजपासून पेशंटकडून काही घ्यायचं नाही. घेणारा आत, देणारा आत. तू त्याच्या खिशात पाकीट टाकलं नाहीस, बेडी टाकलीस.

आरांका: कायदा मलाही माहितीय. टीव्हीवर दाखवला. कायदा तर घरी दारू गाळायच्या विरुद्धही होता. आमच्या गावचा पाद्री, पोलीस आणि पार्टीचा सेक्रेटरी, तिघंही माझ्याच परसातली जर्दाळूची पालिंका प्यायचे. तीन वेगवेगळ्या दिवशी, एवढंच.

गिझेला: हा कायदा खरा आहे.

आरांका: कोण सांगतंय? तू? मास्तरणींच्या कॉलेजात वीस वर्षं काय शिकवत होतीस तू?

गिझेला: वैज्ञानिक समाजवाद.

आरांका: ते खरं होतं?

गिझेला: ते वैज्ञानिक होतं. खरं असायची अट नव्हती.

आरांका: आणि राज्य बदललं तेव्हा?

गिझेला: तेव्हा मला नीतिशास्त्र दिलं. वर्ग तोच, फळा तोच, पोरीही त्याच. पहिल्या तासाला ओला फडका तेवढा जास्तीचा मागवला.

आरांका: मग मला सांग, दवाखाना सगळ्यांना फुकट म्हणून शिकवत होतीस तेव्हा, तू डॉक्टरला द्यायचीस की नाही?

गिझेला: द्यायचे.

आरांका: कशात?

गिझेला: पुस्तकात घालून. पार्टीच्या अधिवेशनाचे ठराव. चांगलं जाडजूड असायचं, आणि मधे कोणी सहज उघडून बघेल अशी भीती नसायची.

आरांका: बघ. म्हणजे फुकट म्हणजे केवढ्याला, ते तुलाही ठाऊक होतं.

गिझेला: सगळ्या देशाला ठाऊक होतं. म्हणून तर म्हणते, आता सुटलीस. द्यायचं नाही, कोणाच्या मागे खिसा हुडकत फिरायचं नाही. तुला बरं वाटायला पाहिजे. तू टेम्पो कसला मागवतेस?

आरांका: सुटले कसली? पाकीट दिलं की माणूस आपला होतो गं. मी तिथे भूल घेऊन पडलेली, तोंड उघडं, दात कपात. पण त्याच्या खिशात माझं काहीतरी आहे. तेवढा एक धागा असतो. आता तोही तोडला. मग आता मी त्याची कोण?

गिझेला: पेशंट. या देशाची नागरिक.

आरांका: नागरिक म्हणून मला आजवर फक्त नोटिसा आल्यात.

गिझेला: लेकीला विचारलंस का? आग्नेश काय म्हणते?

आरांका: तिला कशाला सांगायचं? ती तिकडे ऑस्ट्रियात, ग्राझला. तिथल्या एका म्हातारीला आंघोळ घालते, जेवू घालते. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. मी मरते म्हटलं तर पळत येईल, मग त्या बाईला कोण उठवणार? आणि त्यांचं सगळं कागदावर असतं. आंघोळ किती मिनिटं, केस विंचरणं किती मिनिटं. रडायला लागली म्हातारी तर त्याचा रकाना नाही म्हणे, तेवढं आग्नेश आपल्या पदरचं करते.

गिझेला: आरांका, पिशवी खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. खुब्यासाठी एवढं कोणी घाबरत नाही. काय आहे?

आरांका: काही नाही.

गिझेला: मी चाळीस वर्षं पोरींना खोटं बोलताना बघितलंय. त्यातलं अर्धं मीच शिकवलेलं.

आरांका: माझा नवरा इथेच गेला. याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे. अठ्ठ्याण्णव साली.

गिझेला: तीन दिवस झाले आपण शेजारी आहोत. तू मला तुझ्या सगळ्या बदकांचे स्वभाव सांगितलेस. नवऱ्याचं नाव नाही सांगितलंस.

आरांका: बालिंत. पित्ताचे खडे काढले होते, बाकी काही नाही. सामुदायिक शेती मोडली होती, याचा ट्रॅक्टर लिलावात गेला होता, घरात बसून पित्त होणारच. दोन खाटांची खोली. हा दाराशी. खिडकीशी एक गाड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस, हातात ही एवढी अंगठी. डॉक्टर यायचा तो सरळ खिडकीशी. त्याच्या खाटेवर बसायचा, हसायचा. जाताना दारात थांबून बालिंतला विचारायचा, "काय, बरं ना?" आणि हा म्हणायचा, "बरं आहे, डॉक्टरसाहेब." त्याला सगळं बरंच असायचं. ट्रॅक्टर नेला तेव्हाही त्या माणसाला म्हणाला, बरं आहे, गिअर जरा जपून टाका.

गिझेला: तू डॉक्टरला काही दिलं नव्हतंस.

आरांका: द्यायचं होतं गं. पण मला वाटलं, काम झाल्यावर द्यायचं. सुतार दार बसवून गेला की आपण देतो ना, तसं. आधी द्यायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अख्ख्या वॉर्डला ठाऊक, मला नाही. त्या अंगठीवाल्याच्या बायकोनं गुरुवारी कानात सांगितलं. शुक्रवारी पहिल्या बसनं आले, एका हातात पाकीट, एका हातात बदक. तर डॉक्टर बालातोनला गेलेला, सरोवरावर, होडी चालवायला. शुक्रवारी संध्याकाळी याला ताप भरला. शनिवारी जीभ पांढरी. नर्स म्हणाली, डॉक्टर आले की बघतील. सोमवारी डॉक्टर आला तेव्हा याला खाली नेलं होतं, थंड खोलीत.

गिझेला: आणि तू?

आरांका: मी बदक घेऊन परत गेले. काय करणार. बसमध्ये सगळे बदकाकडे बघत होते.

गिझेला: थोडं पाणी पी.

आरांका: पाणी नको. ऑपरेशनच्या आधी काही घ्यायचं नाही म्हणालेत.

गिझेला: तू ऑपरेशन करून घेत नाहीयेस ना?

आरांका: नाही.

गिझेला: मग पी की.

आरांका: नको म्हटलं ना.

(डॉक्टर केलेमेन आत येतात. हातात संमतीचा कागद. स्टूल ओढून ते आरांकाच्या खाटेशी बसतात.)

केलेमेन: सिस्टर म्हणाली, सही राहिलीय. आणि पिशवी भरलीय.

आरांका: घरी चाललेय मी, डॉक्टरसाहेब. तुम्हाला उगाच त्रास नको.

केलेमेन: मला त्रास नाही. साडेअकराला टेबल रिकामं राहील, तेवढंच. का जाताय?

आरांका: तुम्हीच सांगा. काय दिसलं तुम्हाला त्या एक्स-रेमध्ये?

केलेमेन: झिजलेला खुबा. आणि गाऊनच्या खिशात एक हेअरपिन.

आरांका: मग पाकीट का परत केलंत?

केलेमेन: कारण घेतलं असतं तर मला शिक्षा आणि तुम्हालाही. तुम्हाला वाटलं, तुम्ही मरणार म्हणून परत केलं?

गिझेला: तिला तसंच वाटलं. सकाळपासून मी राज्यघटना समजावतेय, तिच्या डोक्यात शिरत नाही.

केलेमेन: मावशी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं चालतं. तुम्ही पुष्कळ जगाल.

आरांका: तसं तुम्ही सगळ्यांनाच सांगत असाल. पैसे घेतलेत तर तुमच्या बोलण्याला काही वजन तरी. नाही घेतलेत, तर मी तुमच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

केलेमेन: मला पगार मिळतो. कायदा आहे.

आरांका: मला भूल दिल्यावर कायदा जागा असतो का?

केलेमेन: नाही. मी असतो.

आरांका: तुम्ही घ्यायचात का? आधी?

गिझेला: आरांका, असं विचारत नाहीत गं.

केलेमेन: विचारू द्या. घ्यायचो. चौदा वर्षं घेतले. नोकरी लागली तेव्हा आईनं पांढरा कोट शिवून आणला होता. खिसे बघितले तर कोपरापर्यंत हात जाईल एवढे. ती काही बोलली नाही, मीही काही बोललो नाही.

आरांका: आणि मग? देणारा आणि न देणारा, दोघांना सारखंच बघायचात?

केलेमेन: सारखंच. टेबलावर सगळे सारखे.

आरांका: डॉक्टरसाहेब, मी बदकं भरवून वाढवते. त्यांच्या घशात रोज हातानं दाणा कोंबते. कोण गिळतंय आणि कोण गिळल्यासारखं करतंय, ते मला कळतं.

केलेमेन: टेबलावर खरंच सारखे. सुरी पाकीट बघून चालत नाही, ती सवयीनं चालते. एवढं मी शपथेवर सांगेन.

आरांका: टेबल सोडून सांगा.

केलेमेन: टेबल सोडून... संध्याकाळी ड्यूटी संपली की घरी जाताना एकदा डोकावता येतं. सक्ती नसते. खाटेवर बसायचं, कपाळाला हात लावायचा, पोट दाबून बघायचं. ते मी करायचो. ज्यांनी दिलं असेल त्यांच्याकडे.

आरांका: बाकीच्यांकडे?

केलेमेन: बाकीच्यांकडे सकाळी.

आरांका: ताप संध्याकाळी चढतो.

केलेमेन: हो. माहितीय मला.

गिझेला: डॉक्टर, तिचा नवरा इथेच गेला. पित्ताचं ऑपरेशन, शुक्रवारी ताप, डॉक्टर होडी चालवायला गेलेले. हिनं पैसे शुक्रवारी आणले. तेव्हापासून ती समजते, एक दिवस आधी आणले असते तर माणूस जगला असता.

केलेमेन: कधी हे?

आरांका: अठ्ठ्याण्णव. तुम्ही नव्हतात.

केलेमेन: मी बारावीला होतो. मावशी, कागद बघितल्याशिवाय मला काहीच म्हणता येणार नाही, आणि ते कागद आता कुठे असतील देव जाणे. एक दिवस आधी आणले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही.

आरांका: नाही ना. कोणालाच नाही.

केलेमेन: पण एक विचारू? त्या डॉक्टरचा राग नाही आला तुम्हाला?

आरांका: त्याचा कशाला?

केलेमेन: ऑपरेशन केलेला माणूस टाकून तो होडी चालवायला गेला म्हणून.

आरांका: त्याचं त्याला मिळालं नव्हतं ना.

केलेमेन: पेशंट त्याचा होता. पाकीट येवो न येवो. त्यानं कोणाला तरी सांगून जायला हवं होतं, शनिवारी कोणीतरी पोट दाबून बघायला हवं होतं. ते तुमचं काम नव्हतं. तुमचं काम होतं पहिल्या बसनं यायचं, ते तुम्ही केलं.

आरांका: त्याला दोष द्यायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

गिझेला: चोवीस वर्षांत एकदाही नाही?

आरांका: नाही. मला वाटायचं, मी चुकले. त्या डॉक्टरच्या बायकोला पुढे बाजारात बघायचे मी, तर मलाच लाज वाटायची. जणू मी काहीतरी बुडवलंय. आणि बालिंतही म्हणाला असता, बरं आहे, डॉक्टरसाहेब.

गिझेला: हा रुमाल घे. स्वच्छ आहे.

आरांका: रडत नाहीये मी. उपाशी ठेवलंय म्हणून डोळ्याला पाणी येतं.

केलेमेन: येतं कधीकधी.

आरांका: आता? आता डोकावता का तुम्ही? संध्याकाळी?

केलेमेन: आता पाकिटं नाहीत, त्यामुळे कोणाकडे जायचं तेच सुरुवातीला कळेना. एक महिना मी कोणाकडेच गेलो नाही. सरळ घरी. कायदा पाळला की झालं, असं धरून.

गिझेला: आणि घरचे खूश?

केलेमेन: घरी कोणी नाही. बायको एसेनला. तीही डॉक्टर, जर्मनीत चांगलं आहे म्हणून गेली, आणि मग तिथे दुसरंही चांगलं मिळालं. मग मी परत डोकावायला लागलो. अकरा खाटा. दारापासून सुरू करतो आणि आत आत जातो.

गिझेला: मी खिडकीशी आहे.

केलेमेन: तुमचा नंबर शेवटी, मॅडम.

गिझेला: वर्गविहीन समाज. मी वीस वर्षं शिकवला, आणि आला तेव्हा मला शेवटी बसवलं.

आरांका: रोज जाता?

केलेमेन: नाही. रोज जमत नाही. तीन डॉक्टर होतो, आता दोघं आहोत. कधी ऑपरेशन लांबतं. कधी मी थकतो. पण आठवड्यातले चार-पाच दिवस जातो. यापेक्षा मोठं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आरांका: हे बरं केलंत. "रोज" म्हणाला असतात तर मी टेम्पोची वाट बघत बसले असते.

केलेमेन: आज येईन. आज तुम्हाला ताप येऊ शकतो, पहिल्या दिवशी येतो थोडा. घाबरायचं नाही. पण सिस्टरला सांगायचं. "बरं आहे" म्हणायचं नाही.

आरांका: मी कधीच म्हणत नाही. या खोलीत विचारा कोणालाही.

गिझेला: याची साक्ष मी देते. शिव्यांसकट.

केलेमेन: आणि ती कलेजी सिस्टरच्या फ्रिजमधून काढा. अख्ख्या मजल्याला तिची खबर लागलीय, आम्ही दोन डॉक्टर आणि तीन नर्सेस सकाळपासून कायदा पाळून दमलोय.

गिझेला: ते माझ्यावर सोडा. मी पेशंट आहे, मला कोणत्याही कलमानं बंदी नाही.

आरांका: कांद्यावर परत, तिच्याच चरबीत. जास्त शिजवू नकोस, चामडं होतं.

गिझेला: आणि पुतण्याचं काय?

आरांका: फोन करून सांग, बटाटे टाकून सरळ घरी जा म्हणावं. आणि बदकांना दाणा घाल. करड्या बदकाला जरा आधी, ते रुसतं.

केलेमेन: मग ही सही. इथे, खाली.

आरांका: चष्मा पिशवीत गेला माझा. असू दे, बोट ठेवा, तिथे करते.

केलेमेन: आता नियमाप्रमाणे मी विचारणार, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. कोणता पाय?

आरांका: उजवा. उजव्याचं करता करता डावा करू नका, तो अजून पाच वर्षं चालेल.

केलेमेन: पेननं खूण करतो. थंड लागेल. नाव?

आरांका: लिहिलंय ना तिथे.

केलेमेन: तिथे तुमचं नावच नाही. "बालिंत बाक्शा यांची पत्नी", एवढंच लिहिलंय.

आरांका: आमच्या वेळी लग्नात तसंच लिहायचे. बाईचं वेगळं नाव नसायचं कागदावर.

केलेमेन: हल्ली बदलून मिळतं. खालच्या मजल्यावर अर्ज दिला की पुढच्या वेळी तुमचं स्वतःचं नाव येईल.

आरांका: नको. असू दे तसंच. आत नेल्यावर तुम्ही ते वाचून दाखवता ना सगळ्यांना?

केलेमेन: हो. भूल द्यायच्या आधी, मोठ्यानं. नियम आहे.

आरांका: मग तेच वाचा.